खालची बाटली, वरची बाटली

भुताखेताच्या गोष्टी सांगण्यात माझा हात धरणारा सांगलीपासून साताऱ्यापर्यंत कुणी सापडणार नाही. आता साताऱ्याला मी जन्मात दोनदाच गेलोय, त्यातही एकदा एस्टीत झोप लागून उतरायचं राहिलं म्हणून. आणि ही गोष्ट भर दुपारी लिहायला बसलोय, बायको पलीकडं भाकऱ्या थापतेय याची खात्री करून. पण ते असो. या गोष्टीला रात्र लागतच नाही. जे झालं ते चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात, टळटळीत उन्हात झालं.

हरिपुरात हळदीची पेवं आहेत. पेव म्हणजे जमिनीत पुरलेला भलामोठा रांजणच म्हणा. तोंड एवढंसं, की माणसानं अंग चोरून उतरावं. पोट एवढं, की आत दहा-बारा जण पंगतीला बसावेत. हळद भरली की तोंडावर फरशी, वर माती. वर्ष-दोन वर्षं हळद आत निवांत राहते, कारण किड्याला आत श्वास मिळत नाही. माणसालाही मिळत नाही. म्हणून पेव फोडलं की आधी कंदील सोडायचा. विझला, तर तोंड उघडं टाकून घरी जायचं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा कंदील.

भूपालअण्णा मगदुमांच्या पेवांवर हे काम जोतीरामकडं होतं. मूळचा मेढ्याकडचा गडी, शाळा तिसरीत सोडली ती मास्तरांच्या खुर्चीला गूळ फासून. पन्नाशी आली तरी खोडी सुटली नव्हती. आक्काताईंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, चपला झाडावर टांगायचा आणि शोधायला सगळ्यात पुढं हाच. फक्त पेवाच्या तोंडाशी तो खोडी करत नसे. अकरा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ अर्जुना थोरल्या पेवात उतरला तो वर आला नव्हता. त्या दिवशी उतरायची पाळी खरं तर धाकट्याची होती, सिद्धूची. सिद्धूचं अंग तापलं होतं, म्हणून अर्जुना म्हणाला, तू बस सावलीला, मी जातो.

तर त्या मे महिन्यात अण्णांची लेक चंदनबाला पुण्याहून सुट्टीला आली, ती दुर्बीण घेऊन. दुर्बीण म्हणजे तारे बघायची नव्हे, किडे बघायची. केळ्यावर घोंघावतात त्या चिलटांच्या अळ्या तिनं बाटल्यांत पाळल्या होत्या. मुंगीला साखर घालणारं घर, आणि पोर अळ्या फाडून बघते! आक्काताईंनी आठ दिवस लेकीशी धड बोलणं टाकलं होतं.

जोतीरामनं मात्र चंदनबालाला विचारलं, "ताई, ह्यात बघायचं तरी काय असतंय?"

तिनं त्याला दुर्बिणीशी बसवलं. अळीच्या लाळेच्या गाठीतली एक पेशी, आणि तिच्यात पट्ट्यापट्ट्यांचा दोरा, सापाच्या पिल्लासारखा.

"काका, पेशीला चटका बसला, नाहीतर श्वास कोंडून सुटला, की हा दोरा ठरावीक जागी फुगतो. बाकीची सगळी कामं बंद. फक्त जीव वाचवायची तयारी."

"आणि न्हाई कोंडला तर?"

"तर दोरा सरळ."

तिला नुकतंच फोडलेलं थोरलं पेव हवं होतं. दोन बाटल्या. लाल दोऱ्याची पेवात तासभर सोडायची, पांढऱ्या दोऱ्याची वर सावलीत ठेवायची. मग दोन्हींतल्या अळ्या बघायच्या. लाल बाटली जोतीराम सोडायचा. पांढरी मांडीवर घेऊन सिद्धू चिंचेखाली बसायचा. तिशीतला धडधाकट गडी. पण पेवापासून दहा पावलं लांबच बसायचा.

पहिल्याच दिवशी जोतीरामच्या हाताला खाज सुटली. तासानं बाटल्या तिच्याकडं परत नेताना वाटेत त्यानं दोरे बदलले. शिकलेल्या पोरीची जरा फजिती, दुसरं काय! दुसऱ्या दिवशीही बदलले. आणि दोन्ही दिवशी चंदनबाला कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आश्चर्य आहे. खालच्या अळ्या निवांत. वरच्या गुदमरल्यात."

जोतीराम वखारीमागं जाऊन पोट धरून हसला.

हसू दोन दिवस टिकलं. तिसऱ्या सकाळी अण्णांनी हाक मारली. "जोतीराम, परवा ट्रक येणार. उद्या सकाळी सिद्धूला थोरल्या पेवात उतरव."

"आवं अण्णा, कंदील आज सकाळी बी विझलाय!"

"वात ओली असंल. पोरगी एवढी शिकल्याली, दुर्बिणीतनं बघून सांगत्या खालचं जीव निवांत हाईत. कंदिलाला काय कळतंय?"

"मग मी उतरतो."

"तुझं पोट मावतंय व्हय त्या तोंडात?"

जोतीरामच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर नोकरी गेली. न सांगावं तर भाऊ जातो. शेवटी खोडकर माणसाला सुचते तशी त्याला पळवाट सुचली: आज दोरे बदलायचेच नाहीत. खालची बाटली खाली, वरची वर. खरं काय ते दुर्बीणच सांगेल, आपल्याला तोंड उघडायला नको.

दुपारी त्यानं लाल बाटली सोडली. दोर हातातून सरकत गेला आणि खाली हळदीवर बाटली टेकल्याचं हाताला कळलं. ऊन असं, की कावळासुद्धा गप्प. जोतीराम येऊन सिद्धूच्या शेजारी बसला. सिद्धूनं विडी तोंडात धरली, काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. विझली. वर चिंचेचं एक पान हलत नव्हतं.

"काड्या सर्दाळल्यात," सिद्धू म्हणाला.

"मे महिन्यात?"

सिद्धू हसला. तिसरी काडी पेटली, आणि ज्योत लहान... लहान होत गेली, कुणी चिमटीत धरावी तशी. जोतीरामच्या नाकात वास आला. आंबूस, कोंदट. फरशी उचलल्यावर पहिल्यांदा येतो तो. त्यानं आपला सदरा हुंगला. सदऱ्याला घामाचा वास होता.

"सिद्धू... तुला कसला वास येतोय का रं?"

"न्हाई गा. नुसतं डोळं मिटाय लागल्यात. रोज हितं बसलं की झोप येती."

सिद्धूनं बुंध्याला डोकं टेकलं. मांडीवरची पांढरी बाटली त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. जोतीराम लांब सरकून बसला, आणि का सरकलो हे त्याला सांगता आलं नसतं.

तास झाला. त्यानं दोन्ही बाटल्या नेऊन दिल्या. चंदनबालानं खिडकीशी आरसा फिरवून उजेड धरला, सुया चालवल्या, रंग टाकला. जोतीराम दारात उभा. बराच वेळ ती डोळा काढेना.

"तेच," ती म्हणाली. "खालच्या निवांत. वरच्या काल होत्या त्यापेक्षा जास्त गुदमरल्यात."

जोतीरामनं चौकट धरली. आज तर त्यानं बाटल्यांना... काहीच केलं नव्हतं.

तो खाली बसला आणि सगळं ओकून टाकलं. पहिल्या दिवशीचं, दुसऱ्या दिवशीचं, अण्णांचा हुकूम, विझलेला कंदील. "ताई, पायताणानं मारा मला. कामावरनं काढा. पण सिद्धूला उतरू दिऊ नका. एक भाऊ गेलाय त्यात."

चंदनबाला उठली, आतल्या दारात गेली आणि ओरडली, "अण्णा! कंदील विझतोय तोवर कुणी उतरणार नाही. ट्रक थांबू देत!" आतून अण्णांचं पुटपुटणं ऐकू आलं, मग "बरं बाई, बरं."

जोतीरामला रडू फुटलं. मग त्या रडण्यातच हसूही आलं. वाचला! सिद्धू वाचला. डोळे पुसत त्यानं नेहमीच्या ढंगात मान वर केली.

"म्हंजे आमी दोन दिवस एवढ्या शिकल्याल्या बाईला गंडवलं म्हणायचं!"

चंदनबाला हसली नाही. खिडकीतून ती चिंचेकडं बघत होती. सिद्धू अजून तसाच बुंध्याला टेकून होता.

"तुमी गंडवणार हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं, काका. दोरे मी बघितलेच नाहीत. बाटल्यांच्या बुडाला मी कानसेनं ओरखडे काढलेत आणि पेवात जाऊन आलेली बाटली कुठली ते मी त्यावरून ओळखते. तुमी दोरे बदललेत ते दिवस धरून, तिन्ही दिवस ज्या अळ्या गुदमरल्या त्या सिद्धूच्या मांडीवरच्या. पेवात तर सिद्धू आता उतरणार नाही... मग तिथं चिंचेखाली त्याच्या छातीपाशी बसून रोज थोडा थोडा श्वास कोण ओढून घेतंय, ते तेवढं मला सांगा."