मधली फळी कुणाची?

"फळी हलते. मी सांगते ना, हलते," टिटवी म्हणाली.

"तुला सगळंच हलताना दिसतं," चुलतभाऊ लंबू हसला. खिडकीतून हात बाहेर काढून त्याने फळी दाबली आणि त्याचं हसू मावळलं.

घर एकच, पण दोघा भावांनी वाटून घेतलेलं. डावीकडे टिटवीचे बाबा, उजवीकडे काका, म्हणजे लंबूचे बाबा, आणि मधे चार वर्षांचा अबोला. मागची भिंत मात्र दोघांची, आणि तिला ह्या भल्या मोठ्या भेगा. मग सुट्टीत दोघा भावांनी भिंतीच्या कामासाठी वर उभं राहायला जुन्या वाशांची परांची घरीच बांधली. तीही अर्धी-अर्धी! दोन्ही अर्धी अगदी भक्कम. त्यांना जोडणाऱ्या मधल्या फळीला मात्र एकही खिळा नव्हता.

आणि दुपारी बाबा गिलावा करायला वर चढणार होते.

"बाबा, मधली फळी नुसतीच ठेवलीय," टिटवीने सांगितलं.

"ती त्याच्याकडे येते. तो ठोकेल."

लंबूही तोंड पाडून परतला. "आमचे म्हणतात, तुमच्याकडे येते."

टिटवीने वाकून बघितलं. खाली फरशी होती. एका खिळ्यापायी बाबा जाणार? तिला दोघांचाही भयंकर राग आला.

"सांगून ऐकत नाहीत ना? मग भांडायलाच बोलवू," ती म्हणाली.

तिने बाबांना गाठलं. "काका तुमच्या अर्ध्या परांचीवर वाळूचं पोतं ठेवतायत." तिच्या धाकट्या भावाने, चिंगळ्याने, काकांना नेमकं उलटं सांगितलं. एरवी हाका मारून न येणारे दोघं तरातरा मागच्या अंगणात आले. चिंगळ्याने काठी आडवी धरून त्यांना लांबच अडवलं. वर खिडकीत लंबू तयारच होता. त्याने वाळूचं पोतं मधल्या फळीवर ढकललं.

फळी सटकली. पोतं फरशीवर आपटून फाटलं आणि वाळू चौफेर उडाली.

बाबा त्या वाळूकडे बघत राहिले. काकांनी हातोडी आणली. एक टोक त्यांनी ठोकलं, दुसरं बाबांनी.

काकांनी लंबूची पाठ थोपटली. बाबांनी टिटवीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, पोरी. आज तुझ्यामुळे वाचलो."

टिटवीला वाटलं, आता तरी हे बोलतील. ती वाट बघत राहिली.

"पण त्यांच्या पोराबरोबर पुन्हा दिसू नकोस," बाबा म्हणाले.

टिटवीने त्यांचा हात डोक्यावरून बाजूला केला.