तांड्याची सातवी बाटली

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर पटली, नाही तर सोडून द्या. ज्याच्यावर बेतली तो घनश्याम नात्यातलाच आहे आणि त्याला थापा मारायला जमत नाही.

म्हणजे, एक सोडून.

ती एक थाप त्याने तीन वेळा मारली. त्याचीच ही गोष्ट.

गेल्या वर्षीचा मे महिना. गुरुवार. वेळ दुपारी एकची. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं त्यांनी मे महिन्यात यवतमाळची दुपार बघितलेली नसावी. रस्त्यावर कुत्रंही नसतं. गाव बाभुळगावकडचं आहे, नाव मुद्दाम सांगत नाही.

घनश्याम ग्रामपंचायतीत जलसुरक्षक होता. नाव भारदस्त, काम साधं. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची आणि वर्षातून दोनदा गावातल्या सगळ्या विहिरी-पंपांचं पाणी बाटल्यांत भरून तपासणीला पाठवायचं. एकूण सात बाटल्या. सहा गावातल्या, सातवी तांड्यावरच्या हातपंपाची.

तांडा गावापासून तीन किलोमीटर, नाल्याच्या काठी. सहा घरं. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना. नाल्याचं पाणी कधी तांबडं, कधी निळं. काठच्या मातीवर पांढरी खपली धरलेली. तिथं कापसाची पऱ्हाटीही टिकत नाही, गुडघ्याएवढी झाली की जळते.

मानीबाई त्याच तांड्यातली. सगळे तिला याडी म्हणत, त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. घनश्यामही तेच म्हणायचा.

"घनश्यामभाऊ, पानी कडू लागून राह्यलं. डाळ शिजत नाही. तांब्या पाह्य कसा काळा पडला."

तो "पाहतो याडी" म्हणायचा. मग ती आत जायची आणि त्याच पितळी तांब्यात पाणी आणायची. आल्या माणसाला आधी पाणी. त्याशिवाय बोलणं नाही.

"पानी पे, भाऊ."

"आत्ताच पिऊन आलो, याडी."

दर वेळी हेच. त्याने त्या पंपाचं पाणी फक्त एकदा जिभेला लावलं होतं. दिवसभर जीभ चरचरत होती. त्यानंतर नाही.

आता थाप सांगतो. घनश्यामचे गुडघे दुखायचे, गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. पावसाळ्यात नाल्याला गाळ, उन्हाळ्यात डोक्यावर आग. एकदा कंटाळून त्याने सातवी बाटली पंचायतीच्या नळावरच भरून टाकली. चिठ्ठी लावली, 'तांडा हातपंप'. कोण बघतंय?

कोणी बघितलं नाही. रिपोर्ट आला, पाणी पिण्यास योग्य. घनश्यामनेच जाऊन पंपावर हिरवा पट्टा मारला. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. खरी बाटली पाठवावी तर आधीची खोटी उघडी पडणार.

हिरवा पट्टा बघून मानीबाई हसली होती. "कागद आला मनते ना? मंग माहीच जीभ खराब असन."

दिवाळीनंतर ती वारली. सगळं अंग सुजलं होतं. किडन्या गेल्या, असं डॉक्टरने सांगितलं. कशाने गेल्या ते कोणी सांगितलं नाही. घनश्याम मातीला गेला नाही. तेरवीलाही नाही. तेरवी उरकून तांडा ऊसतोडीला निघून गेला. सहाही घरांना कुलूप लागलं.

त्या गुरुवारी सकाळी नेमसिंगचा फोन आला. नेमसिंग म्हणजे मानीबाईचा मुलगा.

"भाऊ, सनवारी येऊन राह्यलो आमी. पोरीले डॉक्टरनं चांगलं पानी पाजाले सांगतलं. आपल्या पंपाचं चालन ना?"

पोरगी पाच वर्षांची. सुरभी.

 तरी घनश्यामच्या तोंडातून तेच निघालं.

"रिपोर्ट तं चांगला आहे."

फोन ठेवला आणि त्याने सहा बाटल्या भरल्या. एक वाजता पंचायतीच्या नळाखाली सातवी धरली. झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली, टेबलावर ठेवली.

आणि मग...

बाटलीतलं पाणी पिवळं पडलं.

हळूहळू. तळातून वर.

त्याने ते ओतून दिलं. बाटली विसळली, पुन्हा भरली. पुन्हा चिठ्ठी. पाणी पुन्हा पिवळं. वर तेलकट पापुद्रा. नाकात जळक्या टायरसारखा वास.

झाडलोट करणारी इंदूबाई दारात पाय पसरून बसली होती. त्याने तिला बाटली दाखवली.

"साफ तं आहे," ती म्हणाली. "ऊन लागलं का तुले, भाऊ?"

तेवढ्यात आवाज आला...

खटाक्. खटाक्. खटाक्.

हातपंपाचा आवाज. पंचायतीजवळ हातपंप नाही. आठ वर्षांपूर्वीच काढून टाकलाय. इंदूबाई आरामात पदराने वारा घेत होती. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

घनश्यामला भीती वाटली, पण त्याहून जास्त थकवा आला. असं करता करता दीड वर्ष निघालं, तो मनात म्हणाला. आता नाही होत. त्याने बाटली ओतून रिकामी केली, बरोबर घेतली आणि गाडीला लाथ मारली. गाडी पहिल्या लाथेला सुरू झाली. असं कधी होत नसे.

तांड्यावर पोहोचला तेव्हा सव्वा वाजला होता. गाडी बंद केल्यावर त्याच्या लक्षात आलं...

एकही आवाज नाही.

साळुंक्या नाहीत. होला नाही. पाण्याच्या कडेला घोंघावणाऱ्या माशा नाहीत. जमिनीवर मुंगीसुद्धा नाही. सहा कुलपं. प्रत्येकावर धूळ.

पंपाचा ओटा मात्र ओला होता.

तांडा पाच महिने बंद, मे महिन्याचं ऊन, आणि ओटा ओला. ओल्या पावलांचा माग ओट्यावरून मानीबाईच्या दारापर्यंत गेलेला. तिथून परत आलेला.

पंपाचा दांडा अजून किंचित हलत होता. कोणी नुकताच सोडावा तसा.

ओट्यावर तांब्या ठेवलेला होता. पितळी. काळा पडलेला. काठोकाठ भरलेला.

आणि मागून...

"पानी पे, भाऊ."

तो वळला नाही. वळायची हिंमतच नव्हती. आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघून गेलं.

"आत्ताच पिऊन आलो, याडी."



मग अगदी कानाजवळ. आवाजात राग नव्हता. दिवसभर राबून घरी आलेलं माणूस बोलतं ना, तसा दमलेला आवाज.

"तू पेत नोता... मंग आमाले काहून पाजलं?"

घनश्याम मटकन ओट्यावर बसला. रडला. मोठ्याने रडला, ऐकायला कोणी नव्हतं म्हणून लाजही वाटली नाही. रडून झाल्यावर उठला आणि पंप हापसला. पाणी आलं. स्वच्छ, काचेसारखं. नुसतं बघून कोणाला काही कळलं नसतं. बाटली भरली, झाकण लावलं.

खाली बघितलं तर तांब्या नव्हता.

तिथूनच त्याने नेमसिंगला फोन लावला.

"नेमसिंग, पोरीले हे पानी पाजू नको. थेंबभर नको. मी बाटल्या... त्या आपल्या पंपाच्या नोत्याच. तिन्ही."

पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजत होते.  नेमसिंगने एवढंच विचारलं, "याडीले माहीत होतं?"

"नाही."

फोन कट झाला. त्यानंतर नेमसिंग त्याच्याशी आजपर्यंत बोललेला नाही.

तो रिपोर्ट खरा आला. पाणी पिण्यास अयोग्य. घनश्यामने स्वतःच्या हाताने हिरव्यावर लाल पट्टा मारला, दांडा काढून घेतला. तांड्यावर टँकर सुरू झाला. सुरभी बरी आहे म्हणतात. घनश्यामचं काम गेलं, त्याचं त्याला काही वाटलं नाही. कारखाना चालू आहे. नाला काल निळा होता.

इथं संपायला हवं होतं.

पण गेल्या जूनपासून घनश्यामच्या घरी रोज दुपारी एकच्या सुमाराला दारातल्या ओट्यावर तांब्या ठेवलेला असतो. पितळी. भरलेला. बायको म्हणते मी नाही ठेवला, आपल्या घरात पितळी तांब्या आहेच कुठे?

पाणी अगदी स्वच्छ असतं. एकदा त्याने ते तुळशीला घातलं. तुळस तीन दिवसांत जळली. आता तो ते गावाबाहेर खडकावर ओतून येतो. मागे वळून बघावं तर हातात तांब्या नसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर असतो.

कोणाच्या घरी गेला आणि पाणी आलं तर तो निमूट पितो. नाही म्हणत नाही. "आत्ताच पिऊन आलो" हे त्याच्या तोंडून कोणी पुन्हा ऐकलेलं नाही. घरच्या ओट्यावरचा तो तांब्या मात्र त्याच्याने अजून तोंडाला लावला गेलेला नाही. लावला तर याडी यायची थांबेल, असं त्याला वाटतं. लावायचा धीर होत नाही.

काल भेटला तेव्हा फार वाळलेला दिसला. रोज बारापासून ओट्यावर बसून राहतो म्हणाला. डुलकी लागू नये म्हणून उभाच राहतो कधी कधी.

"एवढं कायले?" असं विचारलं.

तर म्हणाला, उद्या सुट्टीत नात येऊन राह्यली.

त्याची नात खुशी सहा वर्षांची आहे. खेळून आली की दिसेल तो तांब्या तोंडाला लावते.