येतीलच इतक्यात, बसा

ठेच लागली का गं मोनिका? अगं बाई, बघू अंगठा. रक्त नाही ना? ते लाकूड दारातून हलव म्हणून सोमनाथच्या किती मागं लागले मी. पण हलवून ठेवायचं कुठं? आत घ्यायचं तर माझंच धाडस होत नाही. बस तू. लाइट गेलीय, मुकुंदवाडीत शनिवारी हे ठरलेलंच. मेणबत्ती लावते. चहा टाकलाय, होईल इतक्यात.

बेटावरच्या घराची चावी मागायला आलीस ना? दोन दिवस पोरांना घेऊन जातो, पाणी बघतो, असं फोनवर म्हणालीस. जा की. आपण काय परके आहोत? चावी त्या खिळ्याला टांगलीय. पण आधी माझं ऐकून घे. सोमनाथ कामावरून यायचाय, त्याच्यासमोर हा विषय निघत नाही. आणि मामा आत गॅलरीत बसलेत, कानातलं यंत्र काढून. यंत्र नसलं की त्यांच्या कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही.

ते घर घेतलं ते मामांसाठीच. माझ्या सासऱ्यांचं गाव धरणात गेलं, हे तुला सांगितलं होतं मी. जायकवाडीचं पाणी चढलं तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढं सगळं आयुष्य कंपनीत मशीनवर गेलं, कान गेले, रिटायर झाले आणि एक दिवस जेवताना म्हणाले, "सोमनाथ, त्या पाण्याकडं तोंड करून बसायला एखादी जागा बघ ना रे." कधी काही मागितलं नव्हतं त्या माणसानं. मग आम्ही हिंडलो. पैठणच्या अलीकडं आत वळलं की धरणाचा फुगवटा लागतो, आणि त्या पाण्यात एक टेकडी उरलीय. तिला मेंढवाडी म्हणतात. थोडीशी धनगरांची घरं, खाली मासे धरणारे, जायला गोकुळची होडी. टोकाचं घर विकायचं होतं.

घर सुगंधाबाईंचं. एकट्या राहायच्या. गुडघे गेलेले, पाण्याला उतरायचं म्हणजे मारामार. लेक सत्यशीला कन्नडला, जावई तिथं साखर कारखान्यात. लेक म्हणाली आता इकडंच ये. मी त्यांना मावशी म्हणायचे. हाताला कायम मिश्रीचा वास. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि तो वास घरी येईपर्यंत माझ्या गालाला होता.

आणि तो उंबरा. तुला फोटो पाठवला होता बघ. काळ्या बाभळीचा, चांगला रुंद, मधे पाय पडून पडून खोलगट झालेला, दोन्ही टोकांना पितळेची फुलं ठोकलेली. मी तर त्याच्यावर भाळलेच. घर म्हणजे काय, चार मातीच्या भिंती. पण त्या उंबऱ्यानं त्याला शोभा होती.

ताबा घेतला त्या दिवशी मावशी बोचकं बांधून उंबऱ्यावरच बसलेल्या. म्हणाल्या, "बाई, घर तुजं झालं. उंबरा तेवडा काडून दे." मी म्हटलं, का? तर म्हणाल्या, "आमच्यात घर इकत्यात, उंबरा न्हाय इकत. घर सोडताना त्यो संगं न्यायचा आन नव्या दाराला बसवायचा. न्हायतर गेल्याली मानसं चुकत्यात." मामांनी लगेच मान हलवली. "व्हय, बरोबर आहे. आमचं गाव उठलं तेव्हा बैलगाडीत सगळ्यांत वर उंबराच होता, आन त्याच्यावर आई बसलेली," म्हणाले.

मोनिका, तो मामांच्या घरचा उंबरा आज माझ्या गॅलरीत आहे. त्याच्यावर मी कुंड्या ठेवल्यात. म्हणजे मला काही माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोय नाही मला.

पण मी खोटं बोलले. सरळ तोंडावर. म्हटलं, "मावशी, मिस्त्री म्हणतो उंबरा काढला तर चौकट हलेल, भिंत बसेल. पावसाळा सरू द्या, दिवाळीत मी स्वतः कन्नडला आणून देते." सुदर्शन मिस्त्री तिथंच बाहेर विडी ओढत होता. त्याला मी विचारलंसुद्धा नव्हतं. मनात होतं, म्हातारं माणूस आहे, कन्नडला गेली की विसरेल.

मावशी उठल्या. मग माझा हात धरून मला कोपऱ्यात घेतलं. हळूच म्हणाल्या, "मंग तवर माजं येक काम कर. दिवेलागनीला उंबऱ्यावर पनती ठिव. त्ये येत्यात."

"कोण येतं?"

"आमचं ह्ये."

त्यांचा नवरा केरबा. वादळात मेंढरं पलीकडं न्यायला होडीत चढवली आणि होडीच उलटली. मेंढरं सापडली, केरबा पाण्यानं दिलाच नाही. "रोज येत्यात," मावशी म्हणाल्या, जसं काही दूधवाला येतो. "उंबऱ्यापतुर येत्यात आन इचारत्यात, सुगंधे, हाईस का? मी म्हनते, हाय, जावा. मंग जात्यात. आता तू येवडंच सांग, सुगंधा कन्नडला हाय. पन लेकी, या म्हनू नगंस. बसा म्हनू नगंस. गेल्यालं मानूस शबुद धरून बसतं."

मी हो हो म्हटलं. आपण म्हणतो ना, तसं. त्या होडीत बसल्या, बोचकं मांडीवर, आणि होडी लांब जाईपर्यंत घराकडं बघत होत्या. घराकडं कसलं, उंबऱ्याकडं.

त्याच संध्याकाळची गोष्ट. सोमनाथ गोकुळबरोबर राहिलेलं सामान आणायला पलीकडं गेलेला. मामा पुढच्या अंगणात पाण्याकडं तोंड करून खुर्चीत बसलेले, अगदी सुखात. मी आत चुलीपाशी डबे लावत होते. पणती? छे गं. लक्षातसुद्धा नव्हतं माझ्या. ऊन नुकतं गेलं होतं. घरात अंधार जरा लवकर होतो तिथं, खिडकी एकच. बाहेर पाण्याचा आवाज, चुबुक, चुबुक, काठाला लागतो तसा. मग तो थांबला. एकदम थांबला. आणि वास आला. भिजलेल्या लोकरीचा आणि गाळाचा. मला वाटलं कुणाचं तरी मेंढरू आलं दारात.

दारात कुणीतरी खाकरलं.

माझी पाठ होती दाराकडं. हातात डाळीचा डबा. आवाज आला, बारीक, दमलेल्या माणसाचा असतो तसा... "सुगंधे... हाईस का?"

आणि मी काय म्हटलं असेल? शेजारचं कुणी आलं असेल, मावशी गेल्याचं माहीत नसेल, असंच वाटलं मला. आपल्या तोंडात बसलेलं असतं गं ते. दारात कुणी आलं की आपण काय म्हणतो? घरातलं माणूस गावाला गेलेलं असलं तरी काय म्हणतो?

मी म्हटलं, "या ना, आत या. बसा. येतीलच त्या इतक्यात."

मागं न बघता म्हटलं. मग माझं मलाच आठवलं, सुगंधाबाई तर कन्नडला पोचल्याही असतील. मी वळले. दारात कुणी नव्हतं. पण सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं होती... उंबऱ्याच्या बाहेर नाही, आत. एक, मग दुसरं, सावकाश, मी बघत असताना उमटत होती. माझ्या जवळून गेली, बाजेपाशी गेली. बाजेची सुंभं करकरली आणि मधोमध खाली दबली. मग खाली थेंब पडायला लागले. टप... टप...

सांगायचं होतं मला. सुगंधा कन्नडला हाय, एवढंच. शब्द जिभेवर होते. पण ते सांगितलं असतं तर त्यानं पुढं विचारलं असतं, मग उंबरा इथं कसा? आणि त्याचं काय उत्तर देणार होते मी? फोटोत छान दिसतो म्हणून? मी डबा टाकला आणि पळाले. मामांना हाताला धरून ओढत काठावर आणलं. सोमनाथ आला, हसला, आत गेला. बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. "बाज चिंब आहे," एवढंच म्हणाला. त्याच होडीनं आम्ही परत आलो.

इथपर्यंत भीती होती, मोनिका. पुढचं सगळं माझं पाप आहे.

सत्यशीलाचे फोन यायचे. पहिला घेतला मी. म्हणाली, "ताई, उंबरा कधी आणता? आई दिवेलागणीला दारात जाऊन बसते. म्हणते, ह्ये येत नाहीत. जेवत नाही." मी म्हटलं, आणते आणते, या आठवड्यातच. त्या बाईला दारात रोज ज्याची हाक यायची, तो माणूस मी तिकडं बाजेवर बसवून ठेवलेला, तुझी बायको येईलच म्हणून सांगून. हे कसं सांगणार तिला? पुढं सत्यशीलाचं नाव दिसलं की मी फोन उलटा करून ठेवायला लागले. वाजू द्यायचा. भाजी चिरत बसायचं.

शेवटी मामांना मीच रडत रडत सगळं सांगितलं. मारतील तर बरं, असं वाटत होतं. ते मोठ्यानं बोलले नाहीत. "उद्याच्या उद्या काढ तो," एवढंच म्हणाले. सुदर्शन मिस्त्रीला घेऊन गेलो. चहा उकळेपर्यंत निघाला गं तो उंबरा. चौकट हलली नाही की भिंतीची माती पडली नाही. आत बाजेखाली अजून थेंब पडत होते. मी तिकडं बघितलं नाही. दाराला कुलूप घातलं आणि तसंच कन्नड गाठलं.

सत्यशीलाच्या दारात चपलांचा ढीग. मावशी आदल्या संध्याकाळी गेल्या. दारात बसल्या बसल्याच. शेवटपर्यंत एकच विचारत होत्या, उंबरा आला का. मी पाया पडायला वाकले तर सत्यशीलानं पाय मागं घेतले. सोमनाथनं गाडीतून उंबरा उतरवला, तर म्हणाली, "आता माझ्या दारात कशाला? जिनं ठेवून घेतला, तिच्याच दारात राहू द्या."

म्हणून तो इथं आहे. तुला ठेच लागली तोच.

तेव्हापासून दिवेलागणीला आमच्या दारात मिश्रीचा वास येतो. दिसत कुणी नाही, बेल वाजत नाही. सोमनाथ म्हणतो, खालच्या मजल्यावरची म्हातारी लावते. पण मला कळतं ना. उंबरा जिथं, तिथं त्या येणार. केरबा तिकडं बसलाय आणि ही इकडं उभी, आणि मधे मी. आणि करायचं काय आहे? फक्त खरं सांगायचं आहे. मावशी, ते तुमच्या घरात बसलेत, मीच बसवलंय त्यांना, तुम्ही तिकडं जा. एवढं एक वाक्य. रोज ठरवते. रोज वास आला की तोंडाला कुलूप लागतं. मला लाज वाटते गं. मेलेल्या बाईसमोर लाज वाटते.

तू जाशील ना, तर बाजेवर बसू नकोस. आणि आत कुणी विचारलं तर माझ्या वतीनं तेवढं सांगून टाक...

थांब.

ऐकलंस? मामा काय म्हणाले ऐकलंस का?

यंत्र तर इथं टेबलावर आहे त्यांचं.

काय म्हणालात मामा?... "तनुजा, दारात कोण बाई विचारतेय बघ, उंबरा आला का म्हणून. बसा म्हणू का त्यांना?"

नका म्हणू! मामा, काही बोलू नका... मी बोलते. मोनिका, मेणबत्ती धर. आज तू आहेस सोबत, आज सांगतेच. हा बघ वास... आला ना तुलाही? दार उघडं राहिलं होय तुझ्याकडून? असू दे. मावशी... मावशी, मी तनुजा. माझं चुकलं. ते... ते तिकडं...

या ना मावशी. आत या. बसा. येतीलच ते इतक्यात.

...

काय बोलले मी? मोनिका, काय बोलले गं मी?

मोनिका, ऊठ. हळूच ऊठ, इकडं माझ्याकडं ये. मागं बघू नकोस. तुझ्या शेजारची गादी... दबलीय.