गच्चीवरच्या टोमॅटोंना कुणी मारलं?

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चार मजले चढा. जिना संपला की लोखंडी दार. दार ढकललं की गच्ची. गच्चीवर फळांचे जुने खोके, खोक्यांत माती, मातीत भाजी. औषधं न मारलेली भाजी बाजारातून आणायची तर खिसा फाटतो. म्हणून या इमारतीतली पाच घरं ती इथेच पिकवतात.

आता डोळे उघडा. बघा बरं, काय बिघडलंय?

टोमॅटोचे शेंडे मुठीसारखे आवळलेत. घेवड्याची पानं पिळून टाकल्यासारखी दिसतात. मका मात्र ताठ उभा आहे. आणि नळाजवळच्या फुटक्या बादलीत आपोआप उगवलेला टोमॅटो, आजारी खोक्यांच्या अगदी मधोमध, टवटवीत!

हे पहिल्यांदा पाहिलं अकरा वर्षांच्या भिंगरीने. तिची हाक ऐकून आई शिलाई मशीन सोडून वर धावली.

"तणनाशक मारलंय कुणीतरी!" आई कडाडली. "आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन हिंडणारा या इमारतीत एकच माणूस आहे."

तो म्हणजे तळमजल्यावरचे फवारणीकाका. रस्त्याकडेचं तण मारणं ही त्यांची नोकरी.

गच्चीचा कारभार निवृत्त मास्तरांकडे होता. त्यांनी चष्मा पुसला. "संध्याकाळी पाचला सगळे जमू. काकांनी केलं असेल, तर त्यांचे खोके काढून घ्यायचे."

काकांच्या तीन मुलांच्या ताटात भाजी यायची ती त्याच खोक्यांतून.

भिंगरी थेट तळमजल्यावर गेली.

"काका, तुमचा पंप कुठे असतो?"

"कचेरीच्या गोदामात, कुलपात. घरी आणायची परवानगीच नाही. तू काय फौजदार झालीस की काय?"

"झालेय. तुमचं औषध मक्याला मारतं?"

"ज्याचं त्याचं औषध वेगळं, बाळ. एक असतं ते फक्त रुंद पानांचं तण मारतं. मका गवताच्या जातीचा, त्याला काही होत नाही. चाऱ्याच्या कुरणांवर तेच मारतात."

"आणि तो चारा जनावरानं खाल्ला तर?"

"जनावराला बाधत नाही. आलं तसं बाहेर..." काका बोलता बोलता थांबले.

भिंगरी घरी आली. स्वयंपाकघराच्या खिडकीत, जाळीच्या आत, टोमॅटोची एक कुंडी होती. तिचाही शेंडा आवळलेला.

"आई, ही खिडकी कधी उघडतेस?"

"डास आत घ्यायला? कधीच नाही."

"कुंडीतली माती कुठली?"

"गच्चीवरचीच. मी आणलेली लीद घातलेली." आईचा चेहरा खुलला. "घोड्यांच्या तबेल्यातून तीन पोती सायकलवर ओढून आणली. फुकट! सगळ्यांच्या खोक्यांना पुरवली."

"फुटक्या बादलीलाही?"

"छे, तिला कोण घालतंय!"

भिंगरीने ती कुंडी हळूच आईच्या नजरेआड सरकवली. तुम्हाला कळलं का, का ते?

पाच वाजले. गच्चीवर पाचही घरं जमली. काका कठड्याला टेकून खाली बघत होते.

"मी सांगते," भिंगरी म्हणाली. "फवारा हवेतून येतो. तो बंद खिडकीतल्या कुंडीपर्यंत पोचला, पण खोक्यांच्या मधल्या बादलीला चुकला, असं कसं होईल? विष वरून आलंच नाही. मातीतून आलं. बादलीत लीद नाही, म्हणून ती वाचली. कुंडीत आहे, म्हणून ती गेली."

"लिदीत विष? मग घोडे कसे जगले?" मास्तरांनी विचारलं.

"कुरणावर रुंद पानांचं तण मारायचं औषध पडलं. गवत जगलं, ते घोड्यांनी खाल्लं. त्यांना बाधलं नाही. पण औषध जिरलंही नाही, लिदीतून आपल्या खोक्यांत आलं. मका गवताच्या जातीचा, म्हणून ताठ आहे."

"आणि लीद आणली कुणी?"

भिंगरीने आईकडे पाहिलं.

आईच पुढे आली. "मी आणली. चार पैसे वाचतील म्हणून आणली. आणि सकाळपासून बोंब दुसऱ्याच्या नावाने मारली." ती काकांकडे वळली. "भाऊजी, माझं चुकलं."

काका कठड्यापासून वळले. मग म्हणाले, "वहिनी, माझी मुलं सकाळपासून खोलीबाहेर आलेली नाहीत. हे तेवढं तुम्ही स्वतः खाली येऊन त्यांना सांगा."

आई मान खाली घालून त्यांच्यामागून जिना उतरली. मास्तर मक्याकडे बघत पुटपुटले, "आता वर्षभर मकाच लावू."

भिंगरीने ते ऐकलंच नाही. तबेल्यावाला रोज संध्याकाळी सहाला लिदीची फुकट पोती तबेल्याच्या फाटकाबाहेर ठेवतो, हे तिला आठवलं होतं. तिने एक आवळलेलं रोप मुळासकट उपटलं आणि धूम ठोकली. फाटकाशी दोन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ पोती उचलायला वाकलेच होते. भिंगरी धापा टाकत पोत्यांवर चढून बसली आणि रोप उंच धरून म्हणाली, "थांबा! आधी हे बघा."