काळ्याचे दुष्परिणाम चोरीला गेले

"गुन्हेगार कितीही हुशार असो, विज्ञानाच्या नजरेतून सुटत नाही," जव्हारहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टर योगिताबाईंनी गंभीरपणे जाहीर केलं.

ऐकायला दोघंच होते. काळ्या कुत्रा इंजेक्शन घेऊन निपचित पडला होता. त्याचे मालक, निवृत्त पंढरी मास्तर, यांना कमी ऐकू यायचं.

"एसटी सुटली?" मास्तरांनी विचारलं.

गोळ्यांमुळे सहा महिने शांत असलेल्या काळ्याला सकाळपासून तीनदा फिट आली होती. चौथी आली तर तो राहणार नव्हता. मास्तरांच्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

"गोळ्या चुकल्या?" बाई मोठ्यानं बोलल्या.

"एकही नाही. पाकीट बरोबर रिकामं होतंय."

मास्तरांनी वही पुढे केली. दुष्परिणामांवर लक्ष ठेवा, असं बाईंनीच बजावलं होतं. मास्तरांनी दुष्परिणामांची शाळेसारखी हजेरी घेतली होती. लडखडणं, हजर. तहान, हजर. झोप, हजर. भूक, वाजवीपेक्षा जास्त हजर.

गेले दहा दिवस सगळे गैरहजर.

"सुधारला होता हो," मास्तर म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला. "गोळी कोण देतं?"

"माझे हात कापतात. शेजारची हिरी देते, भाकरीत घालून."

हिरीच्या ओट्यावर तिचा नवरा रघु भर सकाळी पेंगत होता. माणसं बघून उठला, झोकांडला, खांब धरून तांब्याभर पाणी एका दमात प्याला.

"सकाळीच लावलीय," मास्तर पुटपुटले.

"दारूला शिवत नाय तो," हिरी म्हणाली.

"माहीत आहे," बाई हळूच म्हणाल्या. "लडखडणं, तहान, झोप. काळ्याकडून गेलेलं सगळं या ओट्यावर आलंय. गोळी पोटात गेल्याशिवाय ते येत नाही. कुत्र्याला तू नुसती भाकरी दिलीस, हिरी. गोळी याला."

हिरीनं रघूच्या हातचा तांब्या काढून घेतला. "तुम्हीच बोलल्या ना, या गोळीनं भूक वाढंल. पोरगा गेला तवापासून हा घास घेत नाय."

"मग वाढली?"

"नाय. पन झोपेत रडत नाय."

हे मात्र मास्तरांना ऐकू आलं. त्यांनी वही मिटली.

"रघुभाऊ, गोळी अशी एकदम तोडणंही धोक्याचं. चला," बाई म्हणाल्या.

काळ्याला बाईंच्या दवाखान्याच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. त्याचा श्वास चालू होता. शेजारी रघूला बसवलं. गाडीच्या उघड्या दारावर रंगवलेल्या बैलाकडे तो बराच वेळ बघत होता.

"बाई, एवढं करा," तो म्हणाला. "मला मानसांच्या दवाखान्यात न्या."