सातवी ब मधले डावे हात

दोघांची ओळख झाली ती पचनसंस्थेमुळे.

सराव-शाळेच्या फाटकापासून इमारतीपर्यंतचं पटांगण लांबलचक, आणि वरून बारीक बारीक भुरभुर चाललेली. बाकीच्या भावी शिक्षिका पिशव्या डोक्यावर धरून केव्हाच पळाल्या होत्या. ही एकटी फाटकाच्या कमानीखाली खोळंबली, कारण हातात जागरण करून रंगवलेला तक्ता होता. तेवढ्यात एक उंच, किंचित वाकून चालणारा मुलगा छत्री उघडत आला.

"चला मॅडम. हातात काय आहे?"

"पचनसंस्था."

त्याने गंभीरपणे मान हलवली आणि छत्री पुढे केली... तिच्या डोक्यावर नव्हे, तक्त्यावर. अख्खं पटांगण दोघं शेजारी शेजारी भिजत चालले आणि पचनसंस्था कोरडी ठणठणीत पोचली. जिन्यात केसांचं पाणी झटकत तिने विचारलं, माणसं भिजलेली चालतात वाटतं तुम्हाला?

तो जरा वेळ थांबला. "माणसं वाळतात, मॅडम. हे पोस्टर कलर आहेत."

या मुलाला अध्यापक महाविद्यालयात सगळे 'विनंती थांबा' म्हणत, घाईत नुसतं 'थांबा'. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थोडं थांबावं, असं प्राध्यापक सगळ्यांनाच सांगत आणि सगळेच ते लिहून घेत. ते खरोखर करणारा हा एकटाच. प्रश्न टाकून हा असा निवांत उभा राही, की मुलांना वाटे सर विसरले आणि मागच्या बाकांवर निरीक्षणाला बसलेल्या सोबत्यांना वाटे सर झोपले. मग कुठल्यातरी कोपऱ्यातून एक भित्रं बोट वर येई, आणि याचा चेहरा असा उजळे की जणू त्या बोटासाठीच तो शिक्षक व्हायला आला होता.

तिचं टोपणनाव होतं हेडबाई. आई मुख्याध्यापिका, आत्या मुख्याध्यापिका. घरी जेवायला बसलं तरी तास सुरू असल्यासारखं वाटे. हिचे पाठ घड्याळासारखे चालत. अक्षर छापील, आवाज खणखणीत, शेवटचं वाक्य संपायला आणि घंटा व्हायला एकच गाठ. वर्गात पहिली कोण येणार, हे ठरून गेल्यासारखंच होतं. तशी ती मनाने वाईट नव्हती. फक्त मागे पडायची तिला सवय नव्हती, आणि ज्या गोष्टीची सवय नसते तिची भीती जरा जास्तच बसते.

एकदा तिच्या पाठावर चर्चा चालली होती. सगळ्यांनी कौतुकाचा पाऊस पाडला. थांबाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "पाठ सुंदर झाला. समोर मुलं नसती तरी इतकाच सुंदर झाला असता."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मधल्या सुटीत नळापाशी तिने त्याला गाठलंच. याचा अर्थ काय? तो ओल्या हातांनी चष्मा पुसत राहिला आणि चष्मा आणखीच खराब झाला. अर्थ असा, तो म्हणाला, की तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. मुलांना बिचाऱ्यांना बसायला बोलावलेलं असतं.

"तुम्हाला थांबताच येत नाही, मॅडम. बघा, मी एक विचारतो. उत्तराची घाई करू नका." मग त्याने खरंच मोठा श्वास घेतला. "उद्या माझ्याबरोबर चहाला याल?"

"हो."

"बघा... घाई."

ती हसली आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली. तिच्या खोलीतली मैत्रीण, जिला वसतिगृहात 'रेडिओ' म्हणत, तिने ही बातमी त्याच संध्याकाळी तिन्ही मजल्यांवर प्रसारित केली. पुढे चहा रोजचा झाला. तो आपल्या घरचं सांगे. शिंपी असलेल्या वडिलांचे हात थरथरायला लागल्यापासून शिलाई मशीन झाकून ठेवलंय. एका शाळेने निकाल लागेपर्यंत त्याच्यासाठी जागा धरून ठेवलीय. आई आत्तापासून शेजाऱ्यांशी 'आमचे सर' म्हणून बोलते. ती ऐके, आणि त्याच्या कपातला चहा निवतोय हे त्याच्या आधी तिच्या लक्षात येई.

मग अंतिम पाठ आले. त्यासाठी बाहेरून परीक्षक येतात, आणि त्या एका तासावर वर्षभराच्या घामाचं मोल ठरतं. हेडबाईला सातवी ब मिळाली, थांबाला सातवी अ. विषय दोघांना एकच, घर्षण.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी प्रत्येक तुकडीत काहींना माहीत असते आणि कुणीच उघड बोलत नाही. तिला 'पेरणी' म्हणतात. पाठाच्या आदल्या दिवशी वर्गात गुपचूप जायचं, तोच पाठ एकदा घेऊन टाकायचा, उत्तरं पेरून यायची. हेडबाईने आजवर हे कधी केलं नव्हतं. पण आईचा फोन आला होता, की आत्या विचारत होती, पहिली येणार ना? झालं. ती सातवी ब मध्ये गेली आणि पेरणी करून आली. वर एक जुनी युक्तीही शिकवली. मी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. मुलं खूश. असा छान खेळ त्यांना कुणी शिकवला नव्हता.

पाठाच्या सकाळी सातवी अ ला दाताच्या तपासणीसाठी खाली नेलं. परीक्षक यायच्या आधीच शाळेने साधा उपाय काढला. सातवी ब आता या सरांना द्या. मॅडम नंतर अ घेतील.

जिन्यात थांबा समोरून आला. हातात वाळूची पिशवी, कपाळावर घाम.

"मॅडम, मला तुमचा ब आलाय. कसा वर्ग आहे?"

घंटा व्हायला अवकाश होता. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललं की पेरणीही बोलून दाखवावी लागणार होती, याच्यासमोर, ज्याने नळापाशी तिला मुलांकडे बघायला शिकवलं होतं. आणि मनाचा धूर्तपणा असा, की त्याने तिला लगेच सोईस्कर हिशेब मांडून दिला. मुलं भराभर उत्तरं देतील, त्यात याचा फायदाच आहे.

"चांगला आहे," ती म्हणाली. "बोलतात मुलं."

ती मागच्या बाकावर जाऊन बसली. परीक्षक कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. थांबाने पहिला प्रश्न विचारला आणि एरवीसारखा थांबला. थांबायची गरजच नव्हती. सबंध वर्गाचे हात एकदम वर गेले. तो दचकला, मग हरखला... आणि नेमकी त्याची नजर सगळ्यांत लाजऱ्या मुलीकडे गेली, दोन वेण्यांवाली, खिडकीजवळची.

"सांग बाळा."

मुलगी उठली. वर केलेला हात तसाच. "पण सर... माझा डावा आहे."

वर्गात एक हसू फुटलं आणि विझलं. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. डावा म्हणजे काय, ते मुलीने प्रामाणिकपणे समजावून सांगितलं. हे कुणी शिकवलं, असं विचारल्यावर मात्र तिने फक्त मागच्या बाकाकडे पाहिलं. परीक्षकांना ती नजर कळली नाही, तिथे बरेच जण होते. थांबाला कळली. त्याने त्या नजरेमागून पाहिलं, आणि हेडबाईने मान खाली घातली.

आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःच्या चपला इतक्या जवळून बघाव्याशा वाटल्या. कान, गाल, मान, सगळं पेटलं होतं. उठ, ती स्वतःला सांगत होती. उठ ना. ती उठली नाही.

"हा वर्ग तुम्ही आधी घेतला होता, सर?" परीक्षकांनी विचारलं.

तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, वर्ग आत्ता माझ्यापुढे आहे. पाठ पुढे नेऊ का? त्याने मुलांना हात खाली घ्यायला सांगितलं, आज कुणीच हात वर करायचा नाही म्हणाला, जमिनीवर वाळू ओतली आणि दोन वेण्यांवालीला बाक ढकलायला बोलावलं. पुढचा अर्धा तास मुलं पेरलेलं सगळं विसरून गेली. पण परीक्षक काही लिहीत नव्हते.

रेडिओने मधल्या सुटीत बातमी आणली. थांबाचा पाठ रद्द होणार. पुन्हा पुढच्या तुकडीबरोबर. त्या शाळेतली जागा जाणार, हे रेडिओने सांगायची गरज नव्हती.

नंतर हेडबाईने सातवी अ मध्ये पाठ घेतला. प्रश्न विचारला, एकही हात वर आला नाही. तिने उत्तर सांगितलं. दुसरा विचारला, त्याचंही सांगितलं. घंटेला नेमका पाठ संपला आणि परीक्षक 'छान' म्हणाले. त्या 'छान'ने तिला इतकं शरमल्यासारखं झालं, की खडूचे हात न धुताच ती प्राचार्यांच्या खोलीत शिरली. परीक्षक तिथेच बसले होते. तिने सगळं सांगितलं. पेरणी, हात, जिना, आणि मागच्या बाकावर खाली घातलेली मान.

परीक्षक म्हातारे होते, हसले. "आमच्या वेळी कान धरायची खूण होती. मला कुणी पकडलं नाही म्हणून मी आज परीक्षक आहे." मग हसू मावळलं. "युक्तीचं मी एक वेळ लिहून टाकीन, मॅडम. पण दुसऱ्याच्या तासाला तुम्ही मागे बसून मान खाली घातलीत, ते कुठल्या रकान्यात लिहू?"

प्राचार्यांनी तिचा पाठ रद्द केला. थांबाचा, वाळूपासून पुढचा, धरला जाणार होता.

तिने व्हरांड्यातूनच आईला फोन लावला, एका दमात सगळं बोलून टाकलं. मग आई म्हणाली, "जेवलीस का?" आणि हेडबाईला तोवर आवरलेलं रडू आलं.

थांबा सातवी ब मध्ये वाळू झाडत होता. शाळा रिकामी झाली होती. ती दारातच उभी राहिली.

"कळलं मला," तो वर न बघता म्हणाला. "रेडिओ येऊन गेली."

"ओरडा तरी माझ्यावर."

"ओरडणार आहे. आधी हे भरू द्या." त्याने वाळू पिशवीत ओतली. "मुलांना शिकवलंत त्याचं मला एवढं नाही. पण जिन्यात मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, चांगला आहे."

तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

"मग उभ्या राहू नका. बसा."

ती सातवीतल्या मुलांच्या बाकावर बसली. गुडघे मावेनात. तोही पलीकडच्या टोकाला बसला, त्याचे तर मुळीच मावेनात.

"एक बोलायचंय," ती बाकाच्या लाकडाकडे बघत म्हणाली. "आज बोलायची माझी लायकी नाही. पण उद्या बोलले तर तुम्हाला वाटेल, भरपाई करतेय. मला तुम्ही... आवडता. खूप."

खाली कुठेतरी दारं लावल्याचे आवाज येत होते.

"मलाही तुम्ही आवडत होतात," तो म्हणाला. "आज सकाळपर्यंत. मग तासभर अजिबात नाही."

"आणि आता?"

"आता आवडता. पण रागही आहे, भरपूर. दोन्ही एकदम आलं की काय करायचं, हे काही आपल्याला अभ्यासक्रमात नव्हतं."

ती रडता रडता हसली, तेव्हा त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. रागानेच, पण पाहिलं. पुढच्या वर्षी माझा पाठ असेल तेव्हा मागे बसायला याल का, तिने विचारलं. तो म्हणाला, नवी शाळा रजा देईल का माहीत नाही. दिली तर येईन. आणि चुकलात तर सगळ्यांसमोर सांगेन.

"सांगा."

किल्ल्यांचा जुडगा वाजवत शिपाईकाका दारात आले. शाळा कधीच सुटली, म्हणाले, आता दोघं घरी जा बघू, आई वाट बघत असेल. दोघं मुकाट्याने उठले. तिने आपली पिशवी, तक्ता आणि त्याची वाळूसुद्धा उचलायला हात घातला.

"ती वाळू दे इकडे. जड आहे."

"मला नेऊ दे. आजच्या दिवस."

मग त्याने पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला आणि दुसरा तिच्याकडे राहू दिला. तशीच ती मध्ये धरून, एकमेकांची पावलं सांभाळत, दोघं जिना उतरायला लागले.