येते हं, आजी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या वहिनीच्या बाबतीत घडलेली. मी तिची सख्खी नणंद. नणंद जेव्हा वहिनीच्या बाजूने साक्ष द्यायला उभी राहते, तेव्हा त्यात काहीतरी तथ्य असणार, हे तुम्हीच समजून घ्या.

आणि यात मध्यरात्र वगैरे काही नाही. घडलं ते दिवसाउजेडी. सहा वर्षांपूर्वी, सहामाही परीक्षेनंतरच्या सुट्टीत. मंगळवार, दुपारचे साडेचार.

दादा, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची भिंगरी असे तिघं तळ्याकाठच्या एका जुन्या गावी फिरायला गेले होते. तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसायचा नाही. काठावर बदकांच्या आकाराच्या बोटी, मुलांची छोटी आगगाडी, मत्स्यालय. मागे चढावर जुनं गाव, दगडी गल्ल्या आणि घड्याळाचा मनोरा. दादाने चार दिवसांचा कार्यक्रम कागदावर लिहून आणला होता आणि तो कागद खिशातून सारखा बाहेर यायचा.

भिंगरी हे पोरीचं खरं नाव नव्हे. पण ती एका जागी दोन मिनिटं बसली तर आम्ही कपाळाला हात लावून ताप बघायचो, म्हणून भिंगरी.

आता वहिनीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी.

ती नर्स आहे. तेव्हा तिला म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात बारा वर्षं झाली होती. ड्यूटी संपली की प्रत्येक खाटेपाशी थांबायचं, चादर सारखी करायची आणि म्हणायचं, "येते हं." निघताना "जाते" म्हणू नये हे आपल्याकडे लहानपणीच शिकवतात, पण त्या वॉर्डात तो शब्द कोणी चुकूनही काढत नसे. वहिनीच्या तोंडात "येते हं" इतकं बसलं होतं की ती दुकानातून निघतानाही म्हणायची. एकदा फोनवर चुकीचा नंबर लागला, तर त्यालाही म्हणाली. आम्ही खूप हसलो होतो.

तर त्या मंगळवारी ते एक जुनं घर बघायला गेले. पूर्वी तिथे तळ्यातल्या नावेचा मालक राहायचा. आता घराचं संग्रहालय केलं होतं. खाली वल्ही, कंदील, दोरखंड. पाच वाजता बंद व्हायचं, म्हणून दादा कागद हातात धरून घाई करत होता. तो खालीच नावांचे नमुने बघत राहिला. वहिनी आणि भिंगरी लाकडी जिन्याने वर गेल्या.

वर एकच खोली. एक पलंग, त्यावर पांढरी चादर. तळ्याकडे उघडणारी खिडकी. खिडकीपाशी खुर्ची.

खुर्चीत एक म्हातारी बसली होती.

वहिनीला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. घराच्या मालकांपैकी कोणी असेल, उन्हाला बसली असेल. तिने सवयीने पलंगावरच्या चादरीची सुरकुती काढली. भिंगरीने खोलीला चार फेऱ्या मारल्या. मग खालून दादाने हाक मारली.

"निघालात?" म्हातारीने विचारलं. मान वळवली नाही.

"हो. येते हं, आजी."

"मी पण येते हं, आजी," भिंगरी म्हणाली. पोर आईचंच बोलणार.

आणि म्हातारी म्हणाली...

"कधी?"

बारा वर्षांत वहिनीला हे कोणीच विचारलं नव्हतं. "येते"ला कोणी "कधी" विचारतं का? "या" म्हणायचं, मान हलवायची, संपलं. वहिनी दारात क्षणभर अडखळली. पण वॉर्डात काय करतात ते तिला पाठ होतं. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं नाही.

"उद्या," ती म्हणाली. "उद्या येतो आम्ही."

खाली दाराशी घराची राखण करणाऱ्या बाई किल्ल्या घेऊन उभ्या होत्या. वहिनी जाता जाता म्हणाली, "वरच्या आजींना गार वाऱ्यात बसवू नका फार वेळ."

बाईंच्या हातातल्या किल्ल्यांचा आवाज थांबला.

"निघताना काही बोललात का तुम्ही?"

"काही विशेष नाही. येते म्हटलं, कोणीही म्हणेल तसं."

"दोघीही?"

"हो."

बाई जिन्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आम्ही त्या खोलीतून निघताना काही बोलत नाही, ताई. गुपचूप दार ओढून घेतो. उद्या या. उद्या सुट्टी असते, पण मी घराच्या मागेच राहते. दार वाजवा, मी उघडते. दोघीही या. विसरू नका."

वहिनीने विचारलं, "पण त्या आहेत कोण?"

"या म्हणजे झालं," एवढंच बाई बोलल्या.

वाटेत दादाने सगळं हसण्यावारी नेलं. "लोकांना परत आणायच्या युक्त्या आहेत या. उद्या बोटीची सहल आहे, मग आगगाडी. एका म्हातारीसाठी कार्यक्रम बदलायचा का?" वहिनीने फार ताणून धरलं नाही. तेवढंच तिला आजही खातं.

बुधवारी सकाळी आठ वाजता तिला जाग आली, तेव्हा हॉटेलच्या खोलीत काहीतरी बदललेलं होतं.

दादाने रात्री ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकला होता. खुर्ची भिंतीला लागून होती. आता टॉवेल पलंगाच्या पायथ्याशी नीट घडी करून ठेवलेला होता, आणि खुर्ची...

खुर्ची खिडकीपाशी होती. तळ्याकडे तोंड करून.

दादा म्हणाला, साफसफाईची बाई येऊन गेली असेल. पण ती दहाला येणार होती, आणि दाराला आतून कडी होती. दादाने खुर्ची पुन्हा भिंतीला लावली आणि कागद काढला. नाश्ता करून ते परत वर आले. खुर्ची पुन्हा खिडकीपाशी होती. या वेळी दादाने नुसतीच बॅग उचलली.

बोटीत भिंगरीने आईचा पदर ओढला. "आई, किती वाजता जायचंय?"

"कुठे?"

"आजीकडे. तू उद्या म्हणाली होतीस. आज उद्याच आहे ना?"

वहिनीने पोरीची टोपी सारखी केली.

बोट फिरून जुन्या गावासमोर आली. माहिती सांगणारा माणूस माइकवर घड्याळाच्या मनोऱ्याची उंची सांगत होता. वहिनीची नजर आपोआप त्या घराकडे गेली. सुट्टी होती, सगळ्या खिडक्या बंद होत्या. वरची एक सोडून.

माइक खरखरला. माणसाचा आवाज बंद पडला. इंजिनचाही आवाज येईना. तळ्यावर एकदम सामसूम. आणि त्या सामसुमीत, भोंग्यातून, अगदी जवळून...

"कधी?"

लगेच माणूस पुन्हा मनोऱ्याबद्दल बोलू लागला. लोक फोटो काढत होते. वहिनीने दादाकडे पाहिलं. त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

"मला तिथे जायचंय," ती म्हणाली. "आत्ता."

"आगगाडीची वेळ झालीय. अर्ध्या तासाचं काम. मग जाऊ, मी स्वतः येतो. बस?"

आगगाडी म्हणजे मुलांचं खेळणंच. चार उघडे डबे, समोर इंजिन, त्यावर एक म्हातारा चालक. भिंगरीला पहिल्या बाकावर एकटीने बसायचं होतं. दादा-वहिनी तिच्या लगेच मागे. हात लांब केला तर तिच्या वेणीला लागेल इतक्या जवळ. वाटेत सिमेंटचा एक बोगदा होता, वीसेक पावलांचा. पोरं त्यात ओरडायची.

गाडी बोगद्यात शिरली. भिंगरी ओरडली. सगळी मुलं ओरडली.

मग भिंगरीचा आवाज थांबला.

वहिनी सांगते, तेव्हाच तिला कळलं. अजून काळोखच होता, पण तिला कळलं. तिने हात पुढे केला...

बाकावर टोपी होती. नुसती टोपी.

गाडी थांबली. चालक उतरला, दादा बोगद्यात पळाला. दोन्ही भिंती सपाट, एकही दार नाही, कोनाडा नाही. लोक जमले. कोणी पाण्याकडे धावलं. दादा वेड्यासारखा हाका मारत सुटला. माझ्या दादाला मी आयुष्यात रडताना पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी तो त्या रुळांवर बसून रडला, असं तिथल्या लोकांनी नंतर सांगितलं.

वहिनी तिथे थांबलीच नाही. ती चढावरच्या त्या घराकडे पळत सुटली होती.

घराच्या पुढच्या दाराला मोठं कुलूप. तिने मागे जाऊन बाईंचं दार बडवलं. बाई बाहेर आल्या, तिच्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता किल्ल्या घेतल्या. त्यांनी पुढचं कुलूप काढलं.

"तिची मुलगी अशीच येते म्हणून गेली होती," बाई म्हणाल्या. "नावेतून. कोणी म्हणतं नाव बुडाली. कोणी म्हणतं पलीकडे सुखात राहिली, आली नाही इतकंच. ही मरेपर्यंत, एकोणीस वर्षं, त्या खुर्चीत बसली. म्हणून आता ती कधी ते विचारून घेते."

वहिनी जिना चढली.

खुर्चीत भिंगरी बसली होती.

पाय हलत नव्हते. हात मांडीवर. तळ्याकडे बघत. जी पोर दोन मिनिटं एका जागी टिकत नाही, ती तिथे चित्रासारखी बसली होती.

"हळू बोल, आई," ती म्हणाली. "आजी आत्ताच झोपली. म्हणाली, एक आली, दुसरी आली की मला उठव."

पलंग रिकामा होता. पण चादरीवर मधोमध खळगा पडला होता. वहिनीने हाताची उलटी बाजू त्यावर ठेवली. हजारो खाटांवर तिने असा हात ठेवलाय. माणूस उठून किती वेळ झाला ते तिला कळतं.

चादर गरम होती. माणूस उठलेलंच नव्हतं...

तिने भिंगरीला उचललं आणि खांद्यावर घेतलं. दारात बाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या. बोलू नका. वहिनीने मान हलवली. चार पावलं. उंबऱ्यात पाय पडला, आणि मागून...

"निघालात?"

वहिनी म्हणते, तो आवाज भयंकर नव्हता, तेच जास्त वाईट होतं. तिच्या वॉर्डातली कुठलीही म्हातारी संध्याकाळी विचारते, तसा तो आवाज होता. "येते हं" अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने दात आवळले. गप्प राहून निघून जाता आलं असतं. पण एकोणीस वर्षं वाट बघितलेल्या बाईला पाठ दाखवून मुकाट्याने जाणं तिच्याच्याने होईना. आणि पुन्हा खोटंही बोलवेना.

ती आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द बोलली.

"जातो आम्ही, आजी. आम्ही जातो."

या वेळी मागून "कधी?" आलं नाही. नुसती पलंगाची एक फळी कुरकुरली, कोणीतरी कूस बदलावी तशी.

वहिनी जिना उतरू लागली. तिच्या खांद्यावरून भिंगरीचं तोंड मागे होतं. तिचे ओठ हलल्याचं वहिनीच्या मानेला जाणवलं, गरम श्वास लागला. शब्द ऐकू आला नाही. थांबून विचारायचा धीर तिला झाला नाही. त्याच संध्याकाळी दादाने कागद फाडून टाकला आणि ते घरी परतले.

दादा आजही म्हणतो, पोर बोगद्यात उतरून वाट चुकली असेल. कुलूपबंद घरात कशी गेली, ते त्याला विचारू नका. तो उठून जातो.

भिंगरी आता बारा वर्षांची आहे. हुशार आहे, हसरी आहे, अजूनही एका जागी बसत नाही. फक्त एक गोष्ट. त्या दिवसापासून ती घरातून निघताना "येते" म्हणत नाही. "जाते," म्हणते आणि दप्तर उचलते. सुरुवातीला आम्ही रागावलो, समजावलं, लाडीगोडी लावली. काही उपयोग झाला नाही. शेवटी सोडून दिलं. लहानपणचा हट्ट आहे, म्हटलं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. सकाळी ती शाळेला निघाली. "जाते, आत्या."

मी सहज म्हटलं, "अगं, येते म्हण की एकदा. काय बिघडतं?"

ती बुटाची नाडी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "ते मी आजीला म्हटलंय ना. खांद्यावरून. सगळ्यांना म्हटलं तर तिला कसं कळणार की मी तिच्याकडेच येणार आहे?"

स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी दारात येऊन उभी होती. आणि तिच्या तोंडून, तिच्याही नकळत, तो शब्द गेला...

"कधी?"

भिंगरीने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, उठली, दप्तर घेतलं.

"मोठी झाले की, असं सांगितलंय," ती म्हणाली. "जाते, आई."

दादा-वहिनीच्या घरात दाराच्या चौकटीवर भिंगरीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, दर वाढदिवसाची एक. परवा वहिनीचा फोन आला होता. त्या सगळ्या खुणा तिने ओल्या फडक्याने पुसून काढल्यात. या वर्षी खूण करायची नाही म्हणाली.